वेस्टर्न होल्स्टर आणि काउबॉयचं चामडेकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत घोडा, गुरं आणि रिव्हॉल्व्हर यांच्याभोवती चामड्याचं एक स्वतंत्र काम उभं राहिलं. होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायची कमरेची चामडी पिशवी), काडतुसांचे पट्टे, चॅप्स (पँटवरून पायांवर चढवायचं चामडं), मनगटांचे कफ, स्परचे (स्वाराच्या टाचेवरच्या काट्याचे) पट्टे, खोगिराच्या पिशव्या हे सगळं त्यात आलं. टेक्सस-कोलोरॅडोत राहणारी मराठी मंडळी आणि पुण्या-कोल्हापुरातले हौशी कारागीर यांच्याकडून या कामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाई केली की महागाचं चामडं वाया जातं, म्हणून.

सुरुवात होल्स्टरपासूनच करू का?

नको. आधी साधा दीड इंची कमरपट्टा करा, मग चाकूचं म्यान, आणि त्यानंतर होल्स्टर. पट्ट्यात सरळ कापणं, कडा गोल करणं, भोकं पाडणं, रंग आणि चकाकी एवढं हाताखालून जातं. म्यानात दोन थर जोडून शिवण्याची सवय होते. होल्स्टरमध्ये या सगळ्याशिवाय आकार देणं, पकड आणि सुरक्षितता असते, आणि तिथली चूक नुसती दिसायला वाईट नसते, ती अंगाशी येऊ शकते.

नवशिक्याला नक्षीचं फार आकर्षण असतं. फुलं, वेली, टोपलीच्या विणीचे ठसे पाहूनच बहुतेक जण या कामाकडे वळतात, आणि ते साहजिक आहे. पण दहा-वीस वर्षं वापरात टिकलेलं होल्स्टर हातात घेऊन आतून पाहा. ते टिकलं ते चामड्याच्या निवडीवर, शिवणीवर आणि आतल्या वेल्टवर, म्हणजे शिवणीत घातलेल्या चामड्याच्या पट्टीवर. म्हणून मी शिकवताना हाच क्रम धरतो: चामडं, शिवण, आकार, आणि नक्षी सर्वांत शेवटी.

चामडं कोणतं घ्यायचं?

झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेजिटेबल टॅन्ड. होल्स्टरसाठी याला पर्याय नाही. हे चामडं ओलं केलं की मऊ होतं, हवा तो आकार घेतं आणि वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. नक्षीचा ठसाही यावरच उमटतो. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक असतं, चॅप्सना किंवा पिशव्यांना छान, पण ते आकार धरत नाही. शिवाय ओलाव्यात त्यातल्या क्षारांमुळे पोलादाला गंज चढण्याचा धोका असतो.

अमेरिकेत या कामासाठी दोन टॅनरींची नावं सारखी ऐकू येतात. मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसची हर्मन ओक ही 1881 पासूनची, आणि दुसरी पेनसिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग. खोगीर बनवणारे कारागीर वर्षानुवर्षं यांचंच चामडं वापरत आले आहेत. स्वस्तातलं आयात चामडंही बाजारात मिळतं, सरावाला चालतं, पण त्याची जाडी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला वेगळी निघते. पाणी सोडल्यावर ते कुठे पटकन शोषतं, कुठे वरच तरंगवत ठेवतं. विकत घेताना कोपऱ्यावर ओलं बोट टेकवून पाहा. डाग सावकाश आणि सारखा पसरला तर चामडं नक्षीला आणि आकाराला चांगलं.

जनावराच्या अर्ध्या कातड्याला साइड म्हणतात, साधारण 20 ते 25 चौरस फुटांची. त्यात पाठीचा भाग सर्वांत घट्ट. होल्स्टर आणि पट्टे तिथूनच कापायचे, आणि पट्टा कण्याच्या रेषेला समांतर. पोटाकडचा भाग ताणला जातो. त्याचा पट्टा कापलात तर काही महिन्यांत लोंबायला लागेल. तो भाग टाकून देऊ नका, ठशांच्या सरावाला आणि रंग तपासायला तोच कामी येतो.

आठ-नऊ औंस म्हणजे नक्की किती जाड?

इथे औंस ही जाडी मोजायची पद्धत आहे. एक औंस म्हणजे इंचाचा 64 वा भाग, साधारण 0.4 मिलिमीटर. एकेरी थराच्या होल्स्टरला 8 ते 10 औंस, म्हणजे 3.2 ते 4 मिलिमीटर. अस्तर लावणार असाल तर बाहेरचं 6 ते 8 औंस आणि आतलं 3 ते 4 औंस. कफना 5-6 औंस पुरतं.

हत्यारं कोणती, आणि किती खर्च करावा?

दुकानात चाळीस-पन्नास नगांचे संच मिळतात. त्यातली निम्मी हत्यारं कधीच हाताला लागत नाहीत. त्यापेक्षा मोजकी आणि चांगली घ्या: धारदार चाकू, पोलादी पट्टी, शिवणीची खाच पाडणारं ग्रूव्हर, टाक्यांचं अंतर आखणारं चाक, डायमंड आकाराची आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, कडा गोल करणारं बेव्हलर, कडा घासायची लाकडी स्लिकर, प्लॅस्टिकची किंवा कच्च्या चामड्याची ठोकणी, आणि ग्रॅनाइटची लादी. लादी कुठल्याही फरशीवाल्याकडे तुकड्यात मिळते.

अर्धचंद्राकृती हेड नाइफ हे खोगीरकारांचं खरं हत्यार. गोलाई कापायला, कडा पातळ करायला, सगळ्याला चालतं. पण ते शिकायला वेळ लागतो. आपल्याकडे मोच्याची रापी ज्यांनी हाताळली आहे, त्यांचा हात यावर लवकर बसतो. कडेला चामडं तासून पातळ करण्याची हालचाल बरीचशी तीच आहे.

धारेच्या बाबतीत तडजोड करू नका. नक्षीचा स्विव्हल नाइफ तर दर थोड्या वेळाने हिरव्या पॉलिशिंग कंपाउंडच्या पट्टीवर ओढायचा. चामड्यात तो अडखळतोय असं वाटलं की हात दाबून पुढे रेटू नका. थांबा आणि धार लावा.

शिवण मशीनवर का नाही?

घरच्या मशीनला एवढी जाडी झेपणार नाही. त्यासाठी जुकी 441 किंवा त्याच बांधणीची अवजड मशीन लागते, आणि ती काही हजार डॉलरच्या घरात जाते. धंदा करणारे ती वापरतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण शिकताना हातानेच शिवा. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, एक तुटला की टाके सुटत जातात. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंचा दोरा आरपार गेलेला असतो. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

पद्धत अशी. शिवायच्या लांबीच्या चौपट ते पाचपट दोरा घ्या, जाड चामड्याला पाचपट. लिनन किंवा पॉलिस्टर, मधमाशांच्या मेणातून ओढलेला. दोन्ही टोकांना एकेक सुई, आणि सुईजवळ दोरा दोऱ्यातूनच टोचून अडकवायचा, म्हणजे गाठीचा गोळा भोकात अडत नाही. काम शिवणीच्या लाकडी चिमट्यात, म्हणजे स्टिचिंग पोनीत, गुडघ्यांमध्ये पकडायचं. इंचाला सहा ते सात टाके पुरेत. खाचेत चाकाने खुणा करून घ्या.

मग आरी. तिचं टोक डायमंडसारखं चौकोनी असतं. खुणेवर तो डायमंड खाचेच्या रेषेला थोडा तिरका फिरवायचा, आरी मात्र सरळ धरून थेट आरपार टोचायची. इथेच सगळ्यांचं चुकतं: समोरून भोकं एका ओळीत दिसतात आणि मागून पाहिलं तर नागमोडी. आरी दोन्ही दिशांनी काटकोनात राहिली तरच मागची ओळ सरळ येते. आरी काढली की आधी डावी सुई, दोरा निम्मा ओढायचा. मग त्याच भोकात उजवी सुई, आधीच्या दोऱ्याच्या मागच्या अंगाने, त्याला न टोचता. मग दोन्ही हातांनी सारखं ओढा. कुठली सुई आधी, कोणत्या अंगाने, हा क्रम एकदा ठरवला की शेवटच्या टाक्यापर्यंत बदलायचा नाही. क्रम बदलला की त्या जागी टाक्याचा तिरकेपणा बदलतो आणि तो कायम दिसत राहतो. शेवटी दोन-तीन टाके मागे घेऊन दोरा कापा आणि शिवण ठोकणीने हलकेच दाबून बसवा.

पहिल्या होल्स्टरला या शिवणीत अख्खी संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.

पारंपरिक होल्स्टरचे प्रकार कोणते, आणि पहिलं कोणतं करावं?

1850 च्या दशकात कॅलिफोर्नियात सोन्याच्या मागे गर्दी उसळली, तेव्हाचं होल्स्टर म्हणजे कॅलिफोर्निया पॅटर्न. आजचे संग्राहक त्याला स्लिम जिम म्हणतात. 1851 च्या कोल्ट नेव्हीसारख्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरच्या अंगाबरोबर जाणारं, निमुळतं, पाठीमागे पट्ट्याची कडी शिवलेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेन अँड विंचेस्टरसारख्या खोगीरकारांनी अशी होल्स्टर्स केली, आणि त्यांतल्या काहींवरची नक्षी फारच देखणी आहे.

नंतर 1870 च्या दशकापासून मैदानी प्रदेशात मेक्सिकन लूप पसरलं. टेक्ससमधून उत्तरेकडे गुरांचे तांडे जात होते, 1873 चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर आलं होतं, धातूची काडतुसं सर्रास झाली होती. हे होल्स्टर एकाच अखंड तुकड्याचं. वरचा भाग मागे दुमडून पाठीवर एक रुंद पल्ला होतो, त्या पल्ल्यात आडव्या चिरा पाडायच्या आणि होल्स्टरची पिशवी त्यांतून ओवायची. दुमडलेल्या जागेतून कमरेचा पट्टा जातो. कडी वेगळी शिवावी लागत नाही, त्यामुळे ती उसवायचाही प्रश्न नाही. मला ही रचना फार आवडते. घोड्यावर दिवसभर हादरे खाणाऱ्या माणसासाठी, सुटे भाग कमीत कमी ठेवून, कुणीतरी नीट विचार करून ती काढली आहे. काउबॉयची बहुतेक परंपरा अशीच मेक्सिकोच्या व्हाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून आली: दोर, खोगीर, चॅप्स, आणि हे लूपही.

डेन्व्हरचे हायझर, वायोमिंगमधल्या शायेन शहराचे खोगीरकार यांनी या प्रकारात आपापली ढब आणली. शायेनच्या होल्स्टरला बरेचदा खालचं तोंड चामड्याच्या गोल तुकड्याने बंद केलेलं असतं. पहिलं होल्स्टर म्हणून साधं, नक्षी नसलेलं मेक्सिकन लूपच करा. शिवण एकच आणि सरळ, पण पॅटर्न आखताना डोकं चालवावं लागतं.

सिनेमात मांडीवर खाली लटकवलेलं, पायाला बांधलेलं होल्स्टर दिसतं. तसं शिकवाल का?

त्या प्रकाराला बस्कडेरो म्हणतात. पट्ट्यालाच खाली एक रुंद पल्ला असतो, त्यात चीर, आणि होल्स्टर त्या चिरेतून लोंबतं. तो विसाव्या शतकातला आहे, 1920 च्या दशकाच्या आसपासचा. टेक्ससमधल्या एल पासोच्या एस. डी. मायर्स यांच्या दुकानाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. हॉलिवूडने तो जगभर नेला. 1950 च्या दशकात टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांसाठी आर्व्हो ओयाला यांनी आत पोलादी पत्रा घातलेली होल्स्टर्स केली, त्यामुळे रिव्हॉल्व्हर झटक्यात बाहेर यायचं आणि होल्स्टरमध्ये असतानाच त्याचं गोळ्यांचं चक्र (सिलिंडर) फिरू शकायचं.

1880 च्या गुराख्याने असं काही घातलेलं नव्हतं. त्याचं होल्स्टर कमरेशी, उंच आणि खोल असायचं, रिव्हॉल्व्हरचा बराचसा भाग आत. घोड्यावरून पडताना शस्त्र जागेवर राहावं ही त्याची गरज होती. बस्कडेरो करायला हरकत नाही, ते सुंदरच दिसतं, फक्त त्याला "खरं जुनं" म्हणून विकू नका.

वेल्ट म्हणजे काय? तो गाळला तर?

गाळू नका. होल्स्टरच्या दोन कडा जिथे शिवल्या जातात, तिथे मध्ये घातलेली चामड्याची पट्टी म्हणजे वेल्ट. रिव्हॉल्व्हरच्या जाडीमुळे दोन्ही बाजू एकमेकींपासून ओढल्या जातात. मध्ये पट्टी असली की तो ताण टाक्यांवर येत नाही. चापाच्या कडीला बसायला जागा मिळते, आणि धातू दोऱ्यावर घासत नाही. चाकूच्या म्यानात तर वेल्ट नसला की पातं पहिल्याच आठवड्यात शिवण कापतं.

पट्टी खालच्या टोकाकडे रापीने तासून पातळ करत न्या. सगळे थर चिकटवून, शिवून झाल्यावर कडा एकत्र घासा. कोरड्या सँडपेपरने, आधी 220 आणि मग 400 नंबर. नंतर बेव्हलर, मग किंचित पाणी किंवा ट्रॅगाकँथ डिंक लावून स्लिकरने जोरात घासायचं. तीन थर आहेत हे कडेकडे पाहून कळता कामा नये.

माझ्याकडे पिस्तूल नाही, आणि नको आहे. पॅटर्न कसा काढू?

प्लॅस्टिकचे भरीव, निळ्या रंगाचे नमुने अमेरिकेत मिळतात, खऱ्या शस्त्राच्या मापाचे. होल्स्टर बनवणारे व्यावसायिकही तेच वापरतात. खरं शस्त्र पाण्यात भिजलेल्या चामड्यात कोंबण्यापेक्षा ते कधीही बरं. भारतात खऱ्या शस्त्राला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. तिथे शिकणाऱ्यांनी मापं घेऊन सागाच्या किंवा शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा ठोकळा कोरून घ्यावा. चाप, घोडा (रिव्हॉल्व्हरचा हॅमर) वगैरे हलणारे भाग नकोतच, बाह्य आकार पुरे. आणि तो ठोकळा शस्त्रासारखा रंगवू नका.

पॅटर्न जाड कागदावर काढायचा. मधोमध एक सरळ रेषा ओढा, ती दुमडण्याची रेषा. वेस्टर्न होल्स्टरमध्ये दुमड पुढच्या अंगाला, नळीच्या पाठीकडे येते आणि शिवण मागे, चापाच्या बाजूला. नमुना आडवा ठेवून आकृती आखा. मग शिवणीची रेषा त्या आकृतीच्या बाहेर काढा: रिव्हॉल्व्हरच्या जाडीचा अर्धा भाग अधिक चामड्याची जाडी, एवढ्या अंतरावर. कोल्ट सिंगल ॲक्शनचं चक्र सुमारे 42 मिलिमीटर व्यासाचं आहे, पण नळी त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून हे अंतर सगळीकडे सारखं धरता येत नाही, चक्राशी जास्त आणि नळीशी कमी. नळीची लांबीही आधी पक्की करा. पौणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच ही या रिव्हॉल्व्हरची नेहमीची मापं.

चामडं कापण्याआधी कागद दुमडून, क्लिपा लावून, नमुना आत घालून बघा. मग स्वस्त पोटाच्या चामड्यावर एक कच्चं होल्स्टर करा. मग खरं.

ओलं करून आकार कसा द्यायचा?

शिवून झालेलं होल्स्टर कोमट पाण्यात काही सेकंद बुडवा आणि बाहेर काढून थोडा वेळ ठेवा, पाणी आत मुरू द्या. नमुना पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. नळीच्या वर, फ्रंट साइटच्या (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्याच्या) रेषेत, एक बारीक लाकडी काडी चिकटवा, म्हणजे तिच्यासाठी आत वाट राहते. ती वाट नसेल तर रिव्हॉल्व्हर काढताना साइट चामडं खरवडत येते. नमुना आत घालून बोटांनी आणि हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या फोल्डरने (दाबायच्या गुळगुळीत पट्टीने) चक्राभोवती, चापाच्या कडीभोवती दाबत जा. नखं कापलेली असू द्या आणि अंगठी काढून ठेवा. ओल्या चामड्यावर नखाची खूण कायमची राहते.

वेस्टर्न होल्स्टरला फार खोल, रेखीव आकार देत नाहीत. चक्राचा उभार आणि कडीची जागा जाणवली की पुरे. नंतर पंख्याखाली, सावलीत, एक दिवस वाळू द्या. ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात ठेवू नका. ओलं चामडं साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की आक्रसतं, कडक आणि ठिसूळ होतं, आणि ते परत सुधारत नाही.

नक्षी करायची तर चामडं किती ओलं हवं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आदल्या रात्री चामडं दोन्ही बाजूंनी स्पंजने भिजवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सकाळी बाहेर काढा आणि वाट पाहा. रंग मूळ फिकट छटेकडे परतू लागला, पण गालाला लावलं तर गार लागतं, ती वेळ बरोबर. त्या स्थितीत ठसा मारला की तळ गडद, चकचकीत उमटतो. पाणी जास्त असेल तर ठसा उमटून पुन्हा फुगतो. कमी असेल तर फिका आणि तुटक येतो.

क्रम असा: आकृती ट्रेसिंग फिल्मवरून बोथट टोकाने उतरवायची, स्विव्हल नाइफने रेषा कापायच्या, साधारण जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. मग बेव्हलर ठसा, कापाच्या एका बाजूचं चामडं दाबणारा (कडांचं बेव्हलर वेगळं), मग पाकळ्यांना उठाव देणारे ठसे, शिरा, बिया, पार्श्वभूमी, आणि सजावटीचे काप सर्वांत शेवटी. ते शेवटचे मोकळे काप पाहून जाणकार कारागिराचा हात ओळखतात.

शैलींत वायोमिंगच्या शेरिडनची नक्षी माझ्या मते सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर. लहान फुलं, वर्तुळात फिरत जाणाऱ्या वेली, आणि जागा इतकी भरलेली की पार्श्वभूमी जेमतेम दिसते. डॉन किंग या खोगीरकाराने विसाव्या शतकाच्या मध्याला ती घडवली. शेरिडनच्या त्यांच्या दुकानात आजही दोर आणि खोगिरं विकली जातात, आणि मागे संग्रहालय आहे. पण पहिल्या होल्स्टरला शेरिडन नको. टोपलीच्या विणीचा एकच ठसा घ्या आणि तो सरळ रेषेत मारायला शिका. पहिली ओळ तिरकी आखा, कडेला समांतर नको. तिरक्या ओळीत बारीकसा चुकलेला ठसा डोळ्याला खुपत नाही.

काळा रंग हाताला लागतो. काय करावं?

काळा डाय लावल्यावर पूर्ण वाळू द्या, मग मऊ फडक्याने घासत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मगच वरचं फिनिश.

जुना आणि खात्रीचा मार्ग व्हिनेगरूनचा. साध्या व्हिनेगरमध्ये तेल धुऊन काढलेली लोखंडी स्टील वूल काही आठवडे बुडवून ठेवायची, झाकण सैल ठेवून, कारण आत वायू होतो. गाळलेलं पाणी टॅनिनच्या चामड्याला लावलं की ते बघता बघता काळं पडतं. हा वरून बसलेला रंग नसून लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने धाग्यातच झालेला काळेपणा आहे, म्हणून तो हाताला लागत नाही. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तिच्यातली रसायनं हीच. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसून आम्लता घालवा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि तेल द्या. क्रोमच्या चामड्यावर हे चालत नाही.

तेल किती लावायचं?

एक हलका हात, नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेल्या तेलाचा. रात्रभर ठेवा आणि गरज वाटली तरच दुसरा. जास्त तेल प्यालेलं होल्स्टर मऊ पडतं, तोंड मिटायला लागतं आणि रिव्हॉल्व्हर परत ठेवताना दुसरा हात लावावा लागतो. हे धोक्याचं आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने काय पाहावं?

तयार होल्स्टर उलटं करून हलवा. नमुना आपोआप पडला नाही पाहिजे. नमुना आत ठेवताना तोंड उघडं राहिलं पाहिजे आणि चामड्याचा कुठलाही पट्टा किंवा घडी आत वळून चापापर्यंत जाता कामा नये. रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला अडकवायची बारीक वादी, हॅमर थाँग, जरूर द्या. चालताना-धावताना शस्त्र जागेवर राहतं.

जुन्या वेस्टर्न होल्स्टरांत चापाची कडी थोडी उघडी दिसते. सिंगल ॲक्शनमध्ये आधी घोडा मागे ओढल्याशिवाय नुसता चाप दाबून गोळी सुटत नाही, म्हणून ते तेव्हा चाललं. तरीही जुन्या बांधणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवून फक्त पाच गोळ्या भरायची रीत होती, कारण रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. आधुनिक पिस्तुलासाठी उघड्या चापाचं होल्स्टर कधीही बनवू नका. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी नाही.

स्पर्धेसाठी मागणी आली तर आधी नियम वाचा. 1987 मध्ये स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या स्पर्धांत लोक जुन्या पोशाखात, दोन रिव्हॉल्व्हर, लिव्हर रायफल आणि शॉटगन घेऊन उतरतात. तिथे होल्स्टर उभ्या रेषेपासून 30 अंशांहून जास्त कललेलं चालत नाही.

काडतुसांच्या पट्ट्याचं काही वेगळं असतं का?

हो. रुंदी अडीच ते तीन इंच, आणि काडतुसांच्या कड्या एकाच लांब पट्टीतून ओवून शिवतात. प्रत्येक कडी खऱ्या मापाच्या लाकडी गोळीवर ओली करून बसवा. जुन्या काळी मऊ चामड्याची लांब नळीसारखी घडी करून बकलाजवळ एक तोंड उघडं ठेवत, आत नाणी भरायला. त्याला मनी बेल्ट म्हणत. दोन थरांचा पट्टा करत असाल तर थर सपाट टेबलावर चिकटवू नका. कमरेच्या गोलाईत वाकवूनच चिकटवा, नाहीतर घातल्यावर आतला थर सुरकुततो.

होल्स्टर सोडून काय करता येईल?

शस्त्रांत रस नसणाऱ्यांनी या बाजूला जरूर यावं. मनगटाचे कफ, स्परचे पट्टे, टोपीचा पट्टा, खोगिराच्या पिशव्या. चॅप्स हे मोठं काम आहे. सरळ नळीसारखे शॉटगन, रुंद पंखांचे बॅटविंग, गुडघ्याच्या जरा खाली संपणारे झालरवाले चिंक्स, आणि थंड उत्तरेकडचे अंगोरा बकरीच्या लोकरीचे वूलीज. काटेरी झुडपांतून घोडा नेताना पाय वाचवणं हे त्यांचं मूळ काम. त्यासाठी 4-5 औंसाचं मऊ चामडं लागतं आणि माप माणसाला उभं करून नव्हे, खोगिरावर बसवून घ्यायचं.

महाराष्ट्रात साहित्य मिळेल का?

मिळेल, पण शोधावं लागतं. धारावीत हत्यारं, बकलं, दोरा, चिकटवण्याचं सोल्यूशन सगळं मिळतं. कानपूरला ब्रिटिश काळापासून खोगीर आणि घोड्याच्या साजाचं काम होत आलंय, तिथे जाड, टॅनिनने कमावलेलं म्हशीचं चामडं मिळतं. ते अमेरिकन चामड्यापेक्षा खरबरीत असतं, बारीक नक्षी तितकी उठून येत नाही, पण साध्या होल्स्टरला आणि पट्ट्याला उत्तम. दक्षिणेतलं ई. आय. (ईस्ट इंडिया) लेदर पातळ, अस्तराला चांगलं.

कोल्हापूरच्या कारागिरांकडे जाऊन बसा, हा माझा आग्रह आहे. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचीच असते. चामडं कुठे ताणतं, कुठे कापायचं, ओलं किती ठेवायचं हे त्यांच्या हातात आहे. हे कारागीर वेळ देतील तर त्या वेळेचे पैसे द्या.

घरचे म्हणतात, हे काम आपलं नाही. काय सांगू?

खरं ते सांगा. आपल्याकडे चामड्याला हात लावणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं आणि त्यांनी बनवलेल्या वस्तू मात्र सगळ्यांनी वापरल्या. हा अन्याय होता आणि आहे. वायोमिंगमध्ये खोगीरकाराच्या नावाने संग्रहालय उभं राहतं. आपल्या चर्मकारांचं कौशल्य त्याहून तसूभरही कमी नाही. हौस म्हणून हे काम हाती घेणाऱ्याने तरी ते उघडपणे मान्य करावं.

शिकायला कुठे जावं?

अमेरिकेत बहुतेक मोठ्या शहरांत चामडेकामाचे गिल्ड, म्हणजे कारागिरांचे संघ असतात, महिन्याला भेटतात, नवख्याला सामावून घेतात. शेरिडनला दरवर्षी मे महिन्यात चामड्याचं व्यापारी प्रदर्शन भरतं, तिथे नामवंत कारागिरांचे वर्ग असतात. ओक्लाहोमा सिटीचं नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम एकदा तरी पाहा. 1998 मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅडिशनल काउबॉय आर्ट्स असोसिएशनच्या सदस्यांची खोगिरं तिथे जवळून बघता येतात. भारतात अजून याचा वर्ग माझ्या पाहण्यात नाही. कोल्हापूरचा कारागीर आणि व्हिडिओ, असा दुहेरी मार्ग धरावा लागेल.

विकायला कधी सुरुवात करावी?

पट्टे आणि कफ लवकर विकता येतील. होल्स्टर मात्र स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने वर्षभर वापरून पाहिल्याशिवाय विकू नका. अमेरिकेत विकणार असाल तर उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा आधी घ्या. किंमत ठरवताना तुमचे तास मोजा. हाताने शिवलेलं, हाताने कोरलेलं होल्स्टर मशीनच्या भावात दिलं, तर शेजारच्या कारागिराच्या पोटावरही पाय येतो.

रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्येच ठेवून दिलं तर चालेल का?

नाही. चामडं हवेतला ओलावा धरतं आणि टॅनिन आम्लधर्मी असतं. पोलादावर गंजाचे ठिपके येतात. पट्ट्यातल्या पितळी काडतुसांवर हिरवट, मेणचट थर चढतो, ती कडीत अडकून बसतात. शस्त्र वेगळं, कुलपात. होल्स्टर कापडी पिशवीत, हवेशीर जागी, आत कागदाचा बोळा घालून ठेवावं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बुरशी दिसली तर उन्हात टाकू नका. कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, सावलीत वाळवा, आणि मग मेणाचा एक पातळ हात द्या.

आजोबांच्या काळातलं जुनं होल्स्टर हाती आलं असेल तर तेल, डाय काहीच लावू नका. जुन्या चामड्यात तेल ओतलं की धागे सुटतात आणि डाग कायमचे राहतात. धूळ झाडा, फोटो काढा, कारागिराचा शिक्का आहे का बघा. तो बहुधा पट्ट्याच्या कडीवर किंवा पाठीमागच्या पल्ल्यावर असतो. उसवलेली शिवणही जाणकाराला दाखवल्याशिवाय पुन्हा घालू नका.